खोल समुद्रात अ‍ॅल्युमिनियम : ऑक्सिजन कमी, मग खड्डे जास्त का?

खारवारा
रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण खाऱ्या पाण्याशी आणि धातूशी रोजचा संबंध असलेली चार-सहा माणसं इथे आहेत हे ठाऊक आहे, म्हणून इथेच विचारतोय.

मी समुद्रात सोडायच्या उपकरणांची यांत्रिक बाजू सांभाळतो. आतलं इलेक्ट्रॉनिक्स दुसऱ्यांचं. ते ज्या डब्यात बसतं तो डबा, झाकण, ओ-रिंगा (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी), पट्टे, फ्रेम हे सगळं माझ्याकडे. गेल्या आठवड्यात अरबी समुद्रातून आमचं एक मूरिंग (तळाशी नांगरलेली, उपकरणं बांधलेली उभी दोरी) वर आलं. तेरा महिने पाण्यात होतं. सगळ्यात खालचा डबा २,२०० मीटरवर, ६०६१-टी६ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा (टी६ म्हणजे उष्णता देऊन कडक केलेला), वर ५० मायक्रॉनचं हार्ड अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे विजेने मुद्दाम वाढवलेला ऑक्साइडचा कठीण थर.

डेकवर घेतला तेव्हा डबा असा दिसत होता की जणू कालच अ‍ॅनोडायझिंगवाल्याकडून आणलाय. चाळीस मीटरवरची उपकरणं बार्नॅकलनी (बोटींना चिकटणारे कवचवाले जीव) मढून आली होती, आणि हा तळातला डबा साधा बुळबुळीतही नाही. सगळे खूश. मग मी स्टेनलेसचा पट्टा सोडवला. पट्ट्याखालची रबराची पट्टी सरकली होती. तिथे बोटाच्या पेराएवढ्या जागेत ओल्या चुन्यासारखा पांढरा लगदा. नखाने खरवडायला गेलो तर नख आत गेलं.

झाकण उघडून ओ-रिंग काढली. खाचेच्या बाहेरच्या कडेला, जिथे ओ-रिंग आणि पाणी यांची हद्द असते, तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे ओळीने. त्यातला एक ओ-रिंग बसते त्या जागेत निम्म्यापर्यंत शिरलेला. त्या खोलीवर २२० वातावरणांचा दाब असतो. अजून काही महिने डबा खाली राहिला असता तर वर्षभराची नोंद पाण्यात गेली असती.

आणि फ्रेमवरचा जस्ताचा अ‍ॅनोड, म्हणजे स्वतः झिजून बाकीच्या धातूंना वाचवणारा ठोकळा? कोरा करकरीत. त्यावरचा ओतकामाचा नंबरसुद्धा वाचता येत होता.

बैठकीत सांगण्यात आलं की झिंक खर्चच झालं नाही, म्हणजे गंज झालाच नाही, हे खड्डे मशीनिंगचे असतील. आमच्या मूळ कागदात एक वाक्य आहे : 'खोलीवर ऑक्सिजन कमी असल्याने गंजाचा धोका कमी, सबब अ‍ॅनोडची संख्या निम्मी.' त्या कागदावर तीन वर्षांपूर्वी माझीही सही आहे, त्यामुळे हे प्रकरण मनाला जास्त लागलंय.

मला समजून घ्यायचंय ते एवढंच. ते वाक्य खरं आहे का? खरं असेल तर हे खड्डे कुठून आले? आणि अ‍ॅनोड का वाचला?

---

डोंगरवाट
रविवार, रात्री १०.५२

धागा आवडला. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे, हसू नका. आमच्याकडे अजूनही म्हणतात, 'जर्मनच्या भांड्याला गंज चढत नाही.' आजीचं जर्मनचं पातेलं चाळीस वर्षं टिकलं. मग अ‍ॅल्युमिनियमला गंजतं म्हणजे नेमकं काय होतं?

---

रसायनी
सोमवार, सकाळी ७.३०

डोंगरवाट, हसण्यासारखं त्यात काहीच नाही. आजीच्या पातेल्यापासूनच सुरुवात करू, कारण उत्तर तिथेच आहे. (मी तीस वर्षं कॉलेजात रसायन शिकवलं, आता निवृत्त आहे.)

अ‍ॅल्युमिनियम मुळात अतिशय तापट धातू आहे. पाण्याशी, हवेशी लगेच जुळतं. ते टिकतं ते त्याच्या अंगावरच्या सायीमुळे. ही ऑक्साइडची साय. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दोन-चार भागांइतकी ती जाड. ओरखडा आला की हवेत किंवा पाण्यात क्षणात पुन्हा धरते. लोखंडाचा गंज सच्छिद्र, भुसभुशीत असतो, त्याखाली लोखंड गंजतच राहतं. ही साय घट्ट बसते, म्हणून पातेलं चाळीस वर्षं चालतं.

पण त्याच पातेल्यात चिंचेचं सार उकळलं की आतून लख्ख होतं, आणि पापडखार घातलेलं पाणी उकळलं की काळं पडतं, हे आजीने पाहिलेलं असणार. दोन्हीकडे साय विरघळते. ती आम्लातही जाते आणि अल्कलीतही जाते. साधारण ४ ते ८.५ या पीएचच्या पट्ट्यात ती सुखाने राहते. समुद्राचं पाणी वरच्या थरात ८.१ च्या आसपास, म्हणजे पट्ट्याच्या आत पण कडेजवळ.

मिठातला क्लोराइड या सायीचा खरा वैरी. सगळीकडून नाही, एखाद्या कमजोर ठिकाणी तो ती फोडतो. बहुतेक वेळा जिथे मिश्रधातूतला लोखंडाचा किंवा तांब्याचा कण पृष्ठभागावर आलेला असतो तिथे. फुटली की त्या बिंदूत अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, पाण्याशी जुळून आम्ल तयार करतं, आणि खड्ड्याच्या आतला पीएच ३-४ वर येतो. बाहेर समुद्र, आत चिंचेचं पाणी. ते आम्ल सायीला पुन्हा धरू देत नाही, क्लोराइड आत ओढला जातो, खड्डा खोल होत जातो. खारवारा यांना दिसलेला पांढरा लगदा म्हणजे बाहेर येऊन बसलेलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत 'वर्षाला इतके मायक्रॉन झिजतं' हा सरासरीचा आकडा फारसा कामाचा नाही. नव्व्याण्णव टक्के पृष्ठभाग नवा असतो आणि एका जागी आरपार भोक.

खोलीचं कोडं संध्याकाळी लिहिते. नातवाला शाळेत सोडायचंय.

---

डोंगरवाट
सोमवार, सकाळी ८.०५

ताई, बाहेर समुद्र आणि आत चिंचेचं पाणी, एकदम लक्षात आलं. वाट पाहतो.

---

लोखंडी_हात
सोमवार, दुपारी १.२०

मी बॉम्बे हायवर बरीच वर्षं पाण्याखालच्या तपासणीच्या कामात होतो. तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपास, त्यामुळे खोल समुद्राचा अधिकार सांगत नाही. पण एक गोष्ट सांगतो. पाण्याखालचे लोखंडी पाय आम्ही ज्या ठोकळ्यांनी वाचवतो ते ठोकळे अ‍ॅल्युमिनियमचेच असतात. त्यात थोडं जस्त आणि चिमूटभर इंडियम घातलेलं असतं. इंडियम कशासाठी? तर रसायनीताईंनी सांगितलेली साय टिकू नये म्हणून. त्या ठोकळ्याने स्वतः विरघळून लोखंडाला वाचवायचं असतं, साय धरून बसला तर काम कोण करणार?

एकाच धातूची ही दोन रूपं. डब्यात साय टिकायला हवी, अ‍ॅनोडमध्ये टिकता कामा नये.

तुमचा कोरा अ‍ॅनोड पाहून मला पहिली शंका ही आली की तो जोडलेलाच नव्हता. आमच्याकडे तपासणीत ठोकळा तसाच्या तसा दिसला की आम्ही खूश होत नसू, घाबरत असू.

---

कुतूहल
सोमवार, दुपारी ३.४०

मला यातलं काही कळत नाही, पण एक गोष्ट खटकतेय. २०१८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला कोरल समुद्रात 'लेक्झिंग्टन' ही अमेरिकन विमानवाहू नौका सापडली होती. १९४२ च्या मे महिन्यात बुडालेली, खोली ३,००० मीटर. तिच्या आजूबाजूला पडलेली विमानं पाहिली होती का तुम्ही? पंखांवरचा तारा, रंग, एका विमानावर तर फेलिक्स मांजराचं चित्र, सगळं स्वच्छ. पाऊणशे वर्षं! ती विमानं अ‍ॅल्युमिनियमचीच ना? मग खोलवर अ‍ॅल्युमिनियम जास्त सडतं हे कसं मानायचं?

---

रसायनी
सोमवार, संध्याकाळी ८.१०

आधी खारवारा यांच्या वाक्याबद्दल, मग विमानं.

'ऑक्सिजन कमी म्हणून गंज कमी' हे वाक्य पोलादासाठी खरं आहे आणि ते पोलादाच्या पुस्तकातूनच उचललेलं दिसतं. साधं पोलाद गंजायला ऑक्सिजन लागतो, जितका कमी तितकं हळू. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत हे सरळ उतरत नाही, आणि हे साठ वर्षांपूर्वीच माहीत झालंय.

कॅलिफोर्नियात पोर्ट वायनीमीला अमेरिकन नौदलाची एक स्थापत्य प्रयोगशाळा होती. १९६० च्या दशकात त्यांनी धातूंचे शेकडो तुकडे चौकटींना बांधून पॅसिफिकच्या तळाशी सोडले. काही साडेसातशे मीटरच्या आसपास, काही १,६०० ते २,००० मीटरवर. सगळ्यात लांब चाललेली चौकट १,०६४ दिवसांनी वर काढली. फ्रेड राइनहार्ट यांनी त्याचे अहवाल लिहिले. तिथे पृष्ठभागाला ऑक्सिजन लिटरला पाच-साडेपाच मिलिलिटर, साडेसातशे मीटरवर जेमतेम ०.४, आणि १,८०० च्या आसपास पुन्हा वाढून सव्वा-दीड. पोलादाने ऑक्सिजनचं गणित पाळलं. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंनी नाही. वरच्या पाण्यापेक्षा खोलवर त्यांना खड्डे आणि फटीतला गंज जास्त.

का? माझ्या मते मुख्य कळ अशी. खोल पाण्यात ऑक्सिजन कमी होतो तो का? वरून पडणारा मेलेला जीवसृष्टीचा चुरा कुजतो, तो ऑक्सिजन खातो. पण कुजताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि त्याने पीएच उतरतो. म्हणजे ऑक्सिजनची घट आणि पीएचची घट एकाच प्रक्रियेची दोन टोकं. ८.१ चं पाणी ७.६-७.७ पर्यंत येतं. ऐकायला किरकोळ, पण खड्डा सुरू व्हायला तेवढं पुरतं. १९८० साली डेक्स्टर यांनी हाच मुद्दा मांडला होता की खोल पाण्यात अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडण्यामागे ऑक्सिजनपेक्षा पीएचचा हात मोठा आहे.

दुसरी गोष्ट चुन्याची. वरच्या कोमट पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट इतकं भरलेलं असतं की ज्या ठिकाणी ऑक्सिजन खर्च होतो (खड्ड्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन तो तिथे घेतो) तिथे पाणी किंचित अल्कली होऊन चुन्याचा पातळ थर बसतो. विहिरीच्या पाण्याने किटलीत बसतो तसा. तो थर खड्ड्याला वीज पुरवणारी जागा झाकतो. खोलवरच्या थंड, दाबाखालच्या पाण्यात हा थर नीट बसतच नाही. झाकण गेलं.

आणि तिसरं, ऑक्सिजन कमी म्हणजे शून्य नव्हे. खड्डा टाचणीएवढा आणि त्याला पोसणारा स्टेनलेसचा पट्टा वीतभर. वीतभर पृष्ठभागाने थोडाथोडा ऑक्सिजन वापरला तरी तो सगळा प्रवाह त्या टाचणीएवढ्या जागेतून जाणार.

दाबाचा थेट परिणाम त्या मानाने लहान. दाब डबा चिरडतो, गंजवतो तो पाण्याचा स्वभाव.

कुतूहल, तुमचा प्रश्न फार चांगला आहे. त्या काळच्या विमानांचा पत्रा बहुधा तांबं घातलेला मजबूत मिश्रधातू, पण त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर लाटून बसवलेला. तो थर गाभ्यासाठी स्वतः झिजतो, म्हणजे पत्र्याने आपला अ‍ॅनोड अंगावरच घातलाय. त्यावर क्रोमेटचं प्रायमर, वर रंग. शिवाय अंधार आणि थंडी, त्यामुळे कालवं नाहीत, शेवाळ नाही. चित्र स्वच्छ राहिलं याचं आश्चर्य नाही. पण कॅमेऱ्याला रंग दिसतो, रिव्हेटाखालचं काही दिसत नाही. खारवारा यांचा डबाही डेकवर नवाच दिसत होता ना?

याच्या उलट उदाहरण 'लिबर्टी बेल ७' चं. १९६१ च्या जुलैत ही अंतराळकुपी अटलांटिकमध्ये बुडाली आणि १९९९ च्या जुलैत साडेचार किलोमीटरपेक्षा जास्त खोलीवरून काढली. तिचं टायटॅनियमचं अंग टिकलं, अ‍ॅल्युमिनियमच्या भागांची दैना झाली होती.

---

कुतूहल
सोमवार, रात्री ९.००

'कॅमेऱ्याला रंग दिसतो, रिव्हेटाखालचं दिसत नाही.' पटलं ताई. मनापासून आभार.

---

मांडवीकाठ
सोमवार, रात्री ११.२५

गोव्याहून लिहितोय. दोन भर.

एक, आपल्या पाण्यातही हे काम झालंय. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सावंत-वाघ यांनी अरबी समुद्रात धातूंचे तुकडे किनाऱ्याजवळ आणि खोलवर ठेवून तुलना केली होती, त्यांचा निबंध १९९० चा. त्यात अ‍ॅल्युमिनियमही होतं. पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने हिंदी महासागरात पाच हजार मीटरच्या पलीकडेही तुकडे ठेवले. आपल्याकडे कागद लिहिताना हे संदर्भ कुणी उघडत नाही याचं फार वाईट वाटतं.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. 'खोल' म्हणजे ऑक्सिजन कमी, हे अरबी समुद्राबाबत तर मुळातच चुकीचं आहे. आपल्याकडे ऑक्सिजनचा दुष्काळी पट्टा साधारण दीडशे मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत. जगातल्या सर्वांत जाड पट्ट्यांपैकी तो एक, काही ठिकाणी ऑक्सिजन जवळपास शून्य. पण त्याच्या खाली तो पुन्हा वाढतो, कारण तळाचं पाणी दक्षिणेकडून थंड, हवा घेऊन आलेलं. खारवारा, तुमचा डबा २,२०० वर होता. म्हणजे पट्ट्याच्या कितीतरी खाली. खड्ड्याला पोसायला तिथे पुरेसा ऑक्सिजन होता आणि पीएच वरच्यासारखा नव्हता. दोन्हीकडून तोटा.

---

सातहजारी
मंगळवार, सकाळी ९.४५

आमच्याकडे विमानाचे सुटे भाग करतात, मी मटेरियल बघतो. खारवारा, तुम्ही ७०७५-टी६ का नाही वापरत? ६०६१ च्या जवळजवळ दुप्पट ताकद. भिंत पातळ होईल, वजन वाचेल.

---

लोखंडी_हात
मंगळवार, दुपारी १२.१०

सातहजारी भाऊ, विमान उडतं हवेत. ७०७५ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास तांबं असतं. मिठाच्या पाण्यात त्याचे पापुद्रे सुटतात. अक्षरशः खारीच्या बिस्किटासारखे थर वेगळे होताना मी पाहिलेत, आणि तेही किनाऱ्यावर.

याचा मोठा धडा 'अ‍ॅल्युमिनॉट'चा. १९६४ ची, रेनॉल्ड्स मेटल्सने करवून घेतलेली अ‍ॅल्युमिनियमची पाणबुडी. कवच साडेसहा इंच जाड, ७०७९-टी६ चं. १५,००० फुटांसाठी आखलेली, पण त्या खोलीपर्यंत कधी गेली नाही. कामं मात्र मोठी केली. १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेसजवळ समुद्रात पडलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या शोधात ती होती. १९६८ मध्ये 'अल्विन' ही पाणबुडी दीड किलोमीटर खोल बुडाली, तिला १९६९ मध्ये वर काढताना तिच्या उघड्या झाकणात अडसर बसवला तो अ‍ॅल्युमिनॉटनेच. मला या बोटीबद्दल फार आदर आहे. पण तिचा तो ७०७९ मिश्रधातू ताणाखाली तडकण्याच्या खोडीमुळे पुढे वापरातून गेला. आज तुम्हाला तो कुठे मिळणार नाही.

७००० च्या घरातलं घ्यायचंच असेल तर टी६ नको, टी७३ (जास्त उष्णता दिलेला प्रकार) घ्या. थोडी ताकद सोडावी लागते, तडकण्याची भीती कमी होते. खड्डे तरीही पडतातच.

---

सातहजारी
मंगळवार, दुपारी १२.४०

दादा, टी६ चा आग्रह मागे घेतो. खारीच्या बिस्किटाचं उदाहरण डोळ्यासमोर आलं. मग ५०८३?

---

लोखंडी_हात
मंगळवार, दुपारी १.०५

जहाजाचा धातू, उत्तम. तांबं जवळजवळ नाही, मॅग्नेशियमवर ताकद. फक्त तो ऊन-उष्णतेत ठेवू नये. ६५ अंशांच्या वर बराच काळ राहिला तर मॅग्नेशियम कणांच्या सीमांवर येऊन बसतं आणि मग तिथून कुरतडायला सुरुवात. समुद्राच्या तळाशी ही भीती नाही, पण रंग भाजायच्या भट्टीत आहे. डब्याला रंगवून भट्टीत घालणारे असतात, म्हणून सांगितलं.

---

फिओर्डकाठी
मंगळवार, संध्याकाळी ६.३०

नॉर्वेतल्या स्टाव्हांगरहून लिहितेय. इथे समुद्रतळावरच्या सांगाड्यांच्या कॅथोडिक संरक्षणाचं (अ‍ॅनोड जोडून गंज रोखण्याचं) काम करते, मूळची चिपळूणची. धागा कालपासून वाचतेय, राहवलं नाही.

खारवारा, कृपया काहीही सोडवण्याआधी मोजा. दुसरं एखादं मूरिंग तसंच बांधलेलं असेल तर त्यावर साधा मल्टिमीटर लावा. आधी अ‍ॅनोड आणि फ्रेम यांच्यामध्ये. मग फ्रेम आणि डबा यांच्यामध्ये, डब्याला टोक टेकवताना झाकणाच्या बोल्टच्या आट्यांत, जिथे अ‍ॅनोडायझिंग नाही. पृष्ठभागावर टेकवलंत तर काहीच दाखवणार नाही, कारण अ‍ॅनोडायझिंग वीज वाहू देत नाही. अनेक जण इथेच फसतात.

लोखंडी दादा म्हणाले तेच खरं असावं. समुद्राच्या पाण्यात चांदी-क्लोराइडच्या इलेक्ट्रोडने मोजलं तर जस्त उणे १.०३ व्होल्टच्या जवळ असतं, तुमचं ६०६१ उणे ०.७५ च्या आसपास, आणि स्टेनलेस शून्याच्या जवळपास. जोडलेल्या धातूंत जो जास्त उणे, तो आधी झिजतो. अ‍ॅनोड जोडलेला असता तर त्याने डब्याला आपल्याजवळ खाली ओढून धरलं असतं आणि खड्डा सुरूच झाला नसता. जोडलेला नसेल तर डब्याला ओढणारं एकच उरलं, ते म्हणजे स्टेनलेस, आणि ते उलट दिशेला ओढतं.

मजकुरात घालायला एक आकडा देते. डीएनव्ही या नॉर्वेच्या प्रमाणन संस्थेच्या बी४०१ या मार्गदर्शिकेत अ‍ॅल्युमिनियमच्या भागांसाठी चौरस मीटरला १० मिलीअँपिअर एवढाच प्रवाह धरायला सांगितलाय. उघड्या पोलादाला याच्या अनेक पट लागतो. म्हणजे अ‍ॅल्युमिनियम वाचवायला फार जस्त लागत नाही, संख्या निम्मी केली हा तुमचा मुख्य घात नाही. तार जुळलेली असणं हा मुद्दा आहे.

आणि एक धोक्याची सूचना. घाईघाईने कुणी मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड सुचवेल, अजिबात लावू नका. ते इतकं खाली ओढतात की डब्याच्या अंगाशी पाणी अल्कली होतं, आणि मग रसायनीताईंचा पापडखार.

---

खारवारा
गुरुवार, रात्री ११.५०

दोन दिवस गोदामातच होतो. ताई, तुम्ही 'मोजा' म्हणालात म्हणून बरं झालं, कारण दुसरं मूरिंग उद्या सोडवणार होते.

अ‍ॅनोड ते फ्रेम : काही जोडच नाही. चारही अ‍ॅनोड. बोल्ट काढला तर खाली इपॉक्सी रंगाचं वर्तुळ जसंच्या तसं, चकचकीत. ड्रॉइंगवर 'रंग खरवडून धातूला धातू' अशी टीप आहे, मी स्वतः लिहिलेली. पण फ्रेम जिथे रंगवली गेली तिथे रंग अ‍ॅनोड बसवण्याआधी लागला आणि बसवणाऱ्याने रंगावरच आवळलं, वर फायबरचं वायसर. टीप कुणापर्यंत पोचलीच नाही.

फ्रेम ते डबा : ०.३ ओहम. रबराची पट्टी इथेही सरकलीय, पट्टा डब्याच्या ओरखड्यावर टेकलाय. म्हणजे डबा, स्टेनलेस आणि पोलादाची फ्रेम एकमेकांशी छान जोडलेले, आणि त्यांना वाचवायला ठेवलेलं जस्त एकटंच बाहेर. कोरा अ‍ॅनोड त्यामुळेच.

हा दुसरा डबा १,१०० मीटरवर होता, म्हणजे मांडवीकाठ यांच्या दुष्काळी पट्ट्यात. पट्ट्याखाली पांढरं आलंय, पण पहिल्याएवढं नाही. ओ-रिंगच्या खाचेत मात्र इथेही तीन खड्डे आहेत. खाचेतलं हे स्टेनलेसमुळे की वेगळं?

---

फिओर्डकाठी
शुक्रवार, दुपारी २.१५

दोन्ही. खाच ही जन्मजात फट आहे. आतलं पाणी हलत नाही, तिथला ऑक्सिजन संपतो, साय दुरुस्त होत नाही, आणि तिथे खड्ड्याचंच राज्य सुरू होतं. स्टेनलेस नसतं तरी हळूहळू झालं असतं. स्टेनलेसने वेग दिला.

खाचेच्या कोपऱ्यांना गोलाई किती आहे?

---

खारवारा
शुक्रवार, दुपारी २.४०

काहीच नाही. धारदार ठेवलेत, टर्नरने छान धार काढलीय.

---

फिओर्डकाठी
शुक्रवार, दुपारी ३.२०

मग तिथेच बघा. अ‍ॅनोडायझिंगचा थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो. धारदार कोपऱ्यावर एका बाजूचा थर इकडे, दुसऱ्या बाजूचा तिकडे, मध्ये कोपरा उघडा. भिंगाने पाहिलंत तर तुमची खड्ड्यांची ओळ त्या कडेवरूनच सुरू झालेली दिसेल. अर्धा मिलिमीटर गोलाई दिली तरी खूप फरक पडतो.

बाकी आम्ही जे करतो ते सांगते. आतल्या मुख्य ओ-रिंगच्या बाहेर आणखी एक ओ-रिंग. पाण्याशी हद्द बाहेरच्या ओ-रिंगवर पडते, गंज तिच्या खाचेत खेळतो, आतली खाच कोरडी राहते. खाच सिलिकॉन ग्रीसने पूर्ण भरायची, म्हणजे पाणी साचायला जागा नाही. बोल्टला तांब्याचं किंवा ग्रॅफाइटचं ग्रीस कधीच नाही, दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे शत्रू. आणि वर आल्यावर नळीने गोडं पाणी मारणं पुरत नाही. झाकण काढून, ओ-रिंग काढून, सुटे भाग रात्रभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, दोनदा पाणी बदला. खड्ड्यातला क्लोराइड सावकाश बाहेर येतो. तो राहिला तर कपाटात ठेवलेला डबाही आतून कुरतडत राहतो.

---

डोंगरवाट
शुक्रवार, संध्याकाळी ७.००

एक शंका. समुद्रात वाहत फिरून मोजमाप करणारे आर्गो फ्लोट म्हणतात ते हजारोंनी समुद्रात आहेत ना? त्यांची अंगं अ‍ॅल्युमिनियमचीच असतात असं ऐकलंय. ते कसे वर्षानुवर्षं टिकतात?

---

मांडवीकाठ
शुक्रवार, रात्री ९.३५

बहुतेक फ्लोटची नळी अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचीच. हजार मीटरवर वाहत राहायचं, दर दहा दिवसांनी दोन हजारापर्यंत उतरून वर यायचं, माहिती पाठवून पुन्हा खाली. जगभरात चार हजारांच्या घरात आहेत, आपल्याकडचं काम हैदराबादची इन्कॉइस ही महासागर माहिती संस्था बघते. चार-पाच वर्षं चालतात. ते टिकतात कारण त्यांच्या अंगावर पट्टे नाहीत, फ्रेम नाही, स्टेनलेसचा पसारा नाही. एकटी नळी. अ‍ॅल्युमिनियम वाईट नाही, त्याची संगत वाईट असते. सहा हजार मीटरवाले फ्लोट काचेच्या गोळ्यात असतात, पण ते दाब आणि वजनाच्या हिशोबामुळे.

---

खारवारा
पुढचा रविवार, रात्री ९.२०

सगळ्यांना कळवायचं म्हणून.

भिंग लावून पाहिलं. ओळ कोपऱ्यावरच आहे, ताईंनी सांगितलं तशी. सगळ्यात खोल खड्डा ०.९ मिलिमीटर. दोन्ही डबे बाद केले. भरून घेऊ असं एकाने सुचवलं, पण २२० वातावरणांच्या दाबाखाली भरलेल्या खड्ड्यावर ओ-रिंग बसवायला माझं मन तयार झालं नाही.

कागदातलं ते वाक्य खोडलं. त्या जागी आता लिहिलंय की पाण्यात सोडण्यापूर्वी अ‍ॅनोड आणि डबा यांच्यामधला रोध मोजून नोंदवहीत लिहायचा, मोजणाऱ्याच्या सहीसह, आणि ०.१ ओहमच्या वर असेल तर मूरिंग जहाजावर चढणार नाही. बैठकीत थोडी कुरकुर झाली. मी कोरा अ‍ॅनोड आणि तो नख बुडणारा डबा शेजारी शेजारी टेबलावर ठेवले. मग कुणी काही बोललं नाही.

नवे डबे ६०६१ चेच, कोपऱ्यांना गोलाई, दोन ओ-रिंगा. पट्टे टायटॅनियमचे मागितले होते, पैसे मिळाले नाहीत. म्हणून स्टेनलेसच, पण खाली रबराच्या पट्टीऐवजी डेलरिन या कडक प्लास्टिकचं पूर्ण वेटोळं, जे सरकूच शकत नाही, आणि डब्यापासून अ‍ॅनोडपर्यंत वेगळी तार. रंगारी मामांना मी स्वतः जाऊन ती रंग न लावायची चार वर्तुळं खडूने काढून दाखवली.

जानेवारीत पाण्यात जाईल. वर आलं की याच धाग्यावर लिहीन.

---

रसायनी
पुढचा रविवार, रात्री ९.५५

वाट पाहते. आणि त्या ०.९ मिलिमीटरच्या खड्ड्याचा तुकडा कापून ठेवला असेल तर जपून ठेवा. आमच्या कॉलेजातल्या मुलांना दाखवायला मागणार आहे.